कोकणातल्या मुलांना डेस्कटॉप प्रोग्रॅम लिहायला शिकवा

एप्रिलचा दुसरा आठवडा. पावसजवळच्या एका आंबा पॅकिंगच्या शेडमध्ये संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास मी बसलो होतो. वाशीला जाणारा टेम्पो दारात लागला होता, आत चौघीजणी पेंढा पसरून पेट्या भरत होत्या आणि कोपऱ्यातल्या टेबलाशी हिशोब बघणाऱ्या ताई संगणकासमोर नुसत्या बसून होत्या. पडद्यावर एक गोल फिरत होता. दुपारी वारा सुटला, कुठेतरी फांदी तारेवर पडली आणि लाइट गेली. थोड्या वेळाने मोबाइलचा टॉवरही बंद पडला. शेडमध्ये इन्व्हर्टर होता, त्यामुळे संगणक चालू, प्रिंटर चालू. नव्हतं ते फक्त नेट. आणि मालकांनी आदल्या वर्षी चांगले पैसे मोजून घेतलेलं सॉफ्टवेअर ब्राउझरमध्ये उघडणारं. सगळा कारभार कुठल्यातरी दूरच्या सर्व्हरवर.

ताईंनी पंधरा मिनिटं वाट पाहिली. मग एका फाटक्या पेटीचा पुठ्ठा घेतला आणि त्यावर बॉलपेनने लिहायला लागल्या: चार डझनी किती, पाच डझनी किती, डागी वेगळे, कुणाच्या बागेतले किती. टेम्पो गेला तो हाती लिहिलेल्या चिठ्ठीवर. रात्री नेट आल्यावर त्याच नोंदी पुठ्ठ्यावरून पुन्हा भरल्या, त्याला अकरा वाजले. दोन पेट्यांचा फरक निघाला. तो कुणाच्या नावावर टाकायचा, हे वाशीहून विक्रीच्या हिशोबाची पट्टी येईपर्यंत कळलं नाही.

पेट्या मोजायला, नोंदी साठवायला आणि चलन छापायला जे जे लागतं ते सगळं त्या टेबलावर होतं. तरी त्या ताईंना पुठ्ठा शोधावा लागला. याला नेट जबाबदार नाही, लाइटही नाही. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने ही शेड कधी पाहिली नव्हती, आणि ज्यांनी रोज पाहिली आहे त्या आपल्या मुलांना असा प्रोग्रॅम लिहायला कुणी शिकवलेलंच नाही. मी गेली अठरा वर्षं रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या लहान संस्थांसाठी प्रोग्रॅम लिहितो आणि सवड मिळेल तशी कॉलेजच्या मुलांची कार्यशाळा घेतो. माझं म्हणणं सरळ आहे: कोकणातल्या आयटीच्या आणि डिप्लोमाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला एखादं आधुनिक डेस्कटॉप फ्रेमवर्क, म्हणजे ब्राउझरशिवाय थेट संगणकावर चालणारे प्रोग्रॅम ज्यावर उभारतात तो तयार सांगाडा, नीट, हाताला धरून शिकवलं पाहिजे. ऐच्छिक विषय म्हणून नव्हे, जुन्या प्रॅक्टिकलच्या वहीत सही मिळवण्यापुरतंही नव्हे.

आज होतं काय? अभ्यासक्रमात डेस्कटॉप आहे, पण तो जावा स्विंग किंवा व्हिज्युअल बेसिक या खिडक्या-बटणं बनवायच्या जुन्या साधनांच्या वळणाचा. स्विंग १९९८ मधलं. व्हिज्युअल बेसिकची सहावी आवृत्तीही १९९८ चीच, आणि तिच्या संपादकाचा आधार मायक्रोसॉफ्टने २००८ मध्ये काढून घेतला. त्याच वळणाने मुलं अजून फॉर्मवर बटण ओढून आणतात, त्यावर डबल क्लिक करतात, आत दहा ओळी लिहितात आणि जर्नल पूर्ण करतात. मग बाहेरच्या क्लासला जातात तेव्हा तिथे वेब आणि मोबाइल अ‍ॅप. या दोन्हींच्या मधली जागा रिकामीच राहते. मुलांच्या मनात डेस्कटॉप म्हणजे करड्या रंगाची चौकट आणि बेंगरूळ बटणं असंच चित्र बसतं, आणि त्यांचा दोष नाही, त्यांनी दुसरं काही पाहिलेलं नसतं. दरम्यान हे क्षेत्र पार बदलून गेलं. मायक्रोसॉफ्टने २००६ मध्ये डब्ल्यूपीएफ हे फ्रेमवर्क आणलं, क्यूट या फ्रेमवर्कने २०१० मध्ये क्यूएमएल ही पडदा लिहायची भाषा आणली, मोबाइलवरून आलेलं फ्लटर २०२२ मध्ये विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर स्थिर झालं. वीस वर्षांचा हा सगळा बदल आपल्या वर्गाच्या दारावरून निघून गेला.

मी कार्यशाळेत क्यूट शिकवतो. इंग्रजीत लिहिताना दोनच अक्षरं, क्यू आणि टी. यातलं क्यू घेतलं ते क्यूट बनवणाऱ्या होवर्ड नूर्ड यांच्या इमॅक्स या मजकूर लिहायच्या प्रोग्रॅममधल्या फॉन्टमध्ये ते अक्षर देखणं दिसत होतं म्हणून. नूर्ड आणि आइरिक शाम्बे-एंग हे नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइमला शिकलेले दोघे मित्र. १९९० च्या उन्हाळ्यात ते अल्ट्रासाउंडच्या प्रतिमा साठवणारा एक प्रोग्रॅम लिहीत होते. तो युनिक्स, मॅक आणि विंडोज तिन्हींवर चालायला हवा होता, आणि तिन्हीकडे खिडक्या-बटणं काढायची तऱ्हा निराळी. एकच काम तीनदा करायची वेळ आली, त्यातून पुढे हे फ्रेमवर्क उभं राहिलं. पहिली जाहीर आवृत्ती १९९५ मध्ये आली. आज विंडोजवर किंवा लिनक्सवर व्हीएलसी प्लेअर उघडतो तेव्हा आपण क्यूटच वापरत असतो. ही हकिकत मी मुलांना पहिल्याच दिवशी सांगतो. ट्रॉन्डहाइमही समुद्र आत शिरलेल्या खाडीवरचं गाव आहे, आणि समोर पडलेलं एक काम धड होईना म्हणून दोघं बसले, त्यातून एवढं घडलं. आपल्याकडेही अशी अडलेली कामं पैशाला पासरी आहेत.

पण ओळख कशी करून द्यायची, यावर सगळं अवलंबून आहे. बहुतेक ठिकाणी सुरुवात होते ती रिकाम्या खिडकीत 'नमस्कार' लिहिण्यापासून, मग बटण, मग मजकुराची पेटी, मग मेनू. आठवड्यानंतर मुलाला पंचवीस वस्तूंची नावं येतात आणि एकही खरी गोष्ट बनवता येत नाही. मी उलट्या बाजूने जातो. शेडमधल्या वहीचं एक पान फळ्यावर काढतो: बागायतदाराचं नाव, पेटीचा प्रकार, नग, दर, रक्कम, खाली एकूण. मग विचारतो, नग बदलला तर पानावरचं आणखी काय काय बदलतं? मुलं सांगतात: त्या ओळीची रक्कम, पानाची बेरीज, बागायतदाराची बाकी, आणि टेम्पोत चढलेल्या एकूण पेट्या. चार जागा झाल्या.

जुन्या पद्धतीत नगाच्या चौकटीत आकडा बदलला की या चारही जागा आपण हाताने बदलायच्या. एखादी राहून गेली की पडद्यावर एक आणि वहीत दुसरं. मी सुरुवातीची कित्येक वर्षं असेच प्रोग्रॅम लिहिले, आणि माझ्याकडे आलेल्या तक्रारींपैकी निम्म्या तरी याच जातीच्या होत्या, बेरीज जुनीच दिसतेय म्हणून. क्यूएमएलमध्ये आपण फक्त नातं सांगतो. रक्कम म्हणजे नग गुणिले दर, एवढं एकदा लिहायचं. पुढे नग बदलो की दर, रक्कम आपोआप बदलते, आणि रकमेवर जे जे अवलंबून असेल तेही. दर शून्य असेल तर 'जतन करा' हे बटण मंद दिसावं, हेसुद्धा असंच एका ओळीत नातं म्हणून सांगता येतं. आधुनिक हा शब्द मी वापरतो तो एवढ्यासाठी. पडद्यावर काय काय कर, हे पायरीपायरीने सांगण्याऐवजी आकडे असे असतील तेव्हा पडदा कसा दिसावा, हे लिहायचं. गोल कोपरे आणि सावल्या नंतर बघू.

हे कळायला मुलांना एक दुपार पुरते. पुढचा धडा जड आहे, पण काउंटरवरच्या माणसाच्या दृष्टीने सगळ्यांत मोलाचा.

प्रोग्रॅम 'हँग होतो' म्हणजे नेमकं काय होतं? एका पतसंस्थेत मी हे समोर बसून पाहिलं आहे. बाजाराचा दिवस, काउंटरपाशी सात-आठ माणसं उभी. कॅशिअर वहिनींनी पासबुक छापायला दिलं आणि खिडकी पांढरी पडली, वर 'नॉट रिस्पॉन्डिंग'. त्यांनी दोनदा, तीनदा क्लिक केलं. प्रिंटरमध्ये कागद अडकला होता, एवढंच. कागद काढल्यावर पासबुकावर तीच ओळ चार वेळा छापली गेली आणि समोरचे आजोबा घाबरले, आपल्या खात्यातून चारदा पैसे गेले म्हणून. त्यांना समजावण्यात दहा मिनिटं गेली. तो प्रोग्रॅम दुसऱ्या कुणी लिहिलेला होता, पण त्या आधी मीही असे लिहिले आहेत, त्यामुळे कारण लगेच कळलं.

डेस्कटॉप प्रोग्रॅम आतून एका रांगेवर चालतो. माउसची क्लिक, कळ दाबली जाणं, खिडकी पुन्हा रंगवायची वेळ, असं एकेक काम रांगेत येतं आणि एकच माणूस ते उरकत जातो. छपाईसारखं लांबलचक काम त्याच माणसाच्या गळ्यात घातलं तर तो प्रिंटरपाशी ताटकळतो आणि मागची सगळी रांग थांबते. खिडकी रंगवणंही थांबतं, म्हणून ती पांढरी पडते. केलेल्या क्लिक मात्र हरवत नाहीत, त्या रांगेत उभ्या राहतात आणि नंतर एकामागून एक लागू होतात. चार ओळी छापल्या गेल्या त्या अशा. उपाय असा की लांबलचक काम आतल्या खोलीतल्या दुसऱ्या माणसाकडे द्यायचं आणि ते झालं की त्याने बाहेर निरोप पाठवायचा. क्यूटमध्ये या निरोपाला सिग्नल म्हणतात आणि तो घेणाऱ्याला स्लॉट. अशा प्रत्येक माणसाला प्रोग्रॅमच्या भाषेत धागा म्हणतात. निरोप एका धाग्याकडून दुसऱ्याकडे सुखरूप पोहोचवायची जबाबदारी फ्रेमवर्क घेतं. मी वर्गात मुद्दाम चुकीचा प्रोग्रॅम आधी लिहून घेतो, प्रिंटरचा कागद काढून ठेवतो आणि मुलांना त्यांचीच खिडकी पांढरी पडताना दाखवतो. ज्याने हे एकदा स्वतःच्या हाताने केलं, त्याला पुढे सांगावं लागत नाही.

कीबोर्डचंही असंच. बर्फ कारखान्यात, डिझेल पंपावर, मेडिकलमध्ये दिवसभर नोंदी करणारा माणूस माउसला हात लावत नाही. उजवा हात आकड्यांच्या पॅडवर, डावा कागदावर, एंटर मारला की पुढच्या चौकटीत. मोबाइल अ‍ॅपच्या सवयीने बनवलेला प्रोग्रॅम अशा माणसापुढे ठेवला की त्याचा वेग निम्म्यावर येतो आणि संध्याकाळी खांदा दुखतो. वेबच्या पानातही हे जमवता येतं, नाही असं नाही, पण डेस्कटॉप फ्रेमवर्कमध्ये कुठल्या चौकटीनंतर कुठली, हा विचार पहिल्यापासून रुजलेला असतो.

आता मराठीकडे येतो, कारण इथे आपलं काम दुसरं कुणी करून देणार नाही. आपल्या संस्थांमध्ये सॉफ्टवेअर बहुतेक इंग्रजीत असतं. ज्यांनी जन्मभर कीर्द आणि खतावणी लिहिली त्यांच्यासमोर डेबिट-क्रेडिट येतं. जमा आणि नावे हे शब्द असताना ते पडद्यावर का नसावेत? फ्रेमवर्कमध्ये भाषांतराची सोय असतेच. मी तर मुलांना पडदा आधी मराठीतच लिहायला लावतो आणि इंग्रजी नंतर जोडायला सांगतो. शब्द मराठी असला की तो काउंटरवर विचारून घ्यावा लागतो, आणि विचारायला गेलं की काम कसं चालतं ते कळतं.

पण शब्दांच्या पलीकडे अक्षरांचाही प्रश्न आहे. आपल्या किनाऱ्यावर कऱ्हाडकर, कऱ्हाडे अशी नावं आहेत. यातला ऱ्ह युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकांसाठी ठरवलेल्या अक्षरांच्या तक्त्यात, दोन तऱ्हांनी लिहिता येतो: एकतर ऱ, हलन्त आणि ह, नाहीतर साधा र, हलन्त, मग एक अदृश्य जोडचिन्ह आणि ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला मात्र ते वेगळे. एका कारकुनाने इनस्क्रिप्ट या कीबोर्डवर एका पद्धतीने टाइप केलं, दुसऱ्याने मोबाइलसारख्या कीबोर्डवर दुसऱ्या पद्धतीने, की एकाच बागायतदाराची दोन खाती तयार होतात आणि शोधायला गेलं तर एकच सापडतं. अशी जोडखाती मी स्वतः हाताने निस्तरली आहेत. नोंद जतन करताना दोन्ही रूपं एकाच रूपात आणायची, एवढी दहा ओळींची काळजी त्यावर पुरते, पण असा प्रश्न आहे हे आधी माहीत हवं.

तसाच क्रम. मुळाक्षरांत ळ येतो ह नंतर. युनिकोडच्या तक्त्यात तो ल आणि व यांच्या मध्ये बसवलेला आहे. नावं नुसत्या आकडी क्रमाने लावली तर काळे हे कावळे आणि कासार यांच्या आधी येतात, आणि वहीची सवय असलेला माणूस त्यांना खाली शोधत राहतो. क्रम लावताना मराठीचे नियम वापर, असं प्रोग्रॅमला सांगावं लागतं आणि मग खरोखर वापरले की नाही, हे तपासून बघावं लागतं. आकड्यांचीही तीच गत: ज्येष्ठ मंडळी १२ देवनागरीत टाइप करतात, तरुण इंग्रजीत, आणि प्रोग्रॅमने दोन्ही मुकाट्याने घ्यायला हवेत. जोडाक्षरं नीट जुळवून दाखवायचं काम हार्फबझ नावाची खुली लायब्ररी करते, क्यूटमध्ये ती आहेच, त्यामुळे निदान तिथे आपल्याला डोकं लावावं लागत नाही. बाकीचं मराठी माणसालाच करावं लागेल. बंगळुरूत किंवा ओस्लोत बसून कऱ्हाडकरांची दोन खाती कुणाला दिसणार नाहीत.

आता माझ्या म्हणण्यावर येणारे आक्षेप. पहिला पालकांचा, आणि तो मी हसण्यावारी नेत नाही. नोकऱ्या पुण्या-मुंबईत आहेत आणि तिथे वेब विचारतात, मग मुलांचं वर्ष याच्यात का घालवायचं? याला माझं उत्तर असं की वर नग-दर-रकमेचं जे नातं सांगितलं, तेच आज वेबवरच्या रिअ‍ॅक्टमध्ये आहे, आयफोनच्या स्विफ्टयूआयमध्ये आहे, अँड्रॉइडच्या कंपोजमध्ये आहे, फ्लटरमध्ये आहे. लिहायची तऱ्हा बदलते, विचार तोच. क्यूएमएलमधली लहान-सहान सूत्रं तर जावास्क्रिप्टमध्येच लिहितात. रांगेत अडकलेल्या माणसाचा धडाही सगळीकडे लागू पडतो. माझ्याकडे हे शिकून गेलेल्या मुलांना वेबकडे वळायला अडचण आलेली मी पाहिली नाही. शिवाय गाड्यांचे पडदे, यंत्रांवरची पॅनेलं, वैद्यकीय उपकरणं यांतही क्यूट चालतं, तीही कामंच आहेत.

दुसरा आक्षेप जाणकारांचा: वेबचंच ज्ञान वापरून डेस्कटॉप प्रोग्रॅम करता येतो, इलेक्ट्रॉन आहे की. आहे, २०१३ पासून आहे, आणि उत्तम प्रोग्रॅम त्यात झालेत. पण तो प्रत्येक प्रोग्रॅमबरोबर आख्खा ब्राउझर आणतो. आपल्या सहकारी सोसायट्यांमधल्या चार जीबी मेमरीच्या जुन्या यंत्रांवर असे दोन प्रोग्रॅम उघडले की तिसरं काही हलत नाही. टॉरी नावाचं नवं साधन यंत्रातलाच ब्राउझर वापरून हे ओझं कमी करतं, ज्याला वेब येतं त्याने ते जरूर बघावं. मी काही एकाच फ्रेमवर्कची माळ ओढत नाही. डब्ल्यूपीएफ उत्तम आहे, पण ते विंडोजपुरतं.

आणि विंडोजपुरतं राहणं आता परवडणारं नाही. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि ठरावीक पिढीच्या पुढचे प्रोसेसर लागतात, ते जुन्या यंत्रांत नाहीत. गावोगावच्या वाचनालयांनी, सोसायट्यांनी धडधाकट चालणारे संगणक भंगारात काढायचे का? त्यांवर लिनक्स घालून तीच यंत्रं आणखी काही वर्षं वापरता येतात, अट एवढीच की लागणारा प्रोग्रॅम लिनक्सवर चालला पाहिजे. तीन ठिकाणी एकच प्रोग्रॅम, ही त्या दोन नॉर्वेकरांची अडचण आज आपल्या वाचनालयाची अडचण झाली आहे.

तिसरा आक्षेप सगळ्यांत भारी, आणि त्याने मलाही बरीच वर्षं गप्प बसवलं होतं. २२ जुलै २०२१. वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं, तळमजले बुडाले. पाणी ओसरल्यावर मी ओळखीच्या एका संस्थेत गेलो. संगणकाच्या डब्यातून चिखल निघत होता. बॅकअपची हार्ड डिस्क होती, शिस्तीने रोज घेतलेली, आणि ती त्याच टेबलाच्या खालच्या कप्प्यात ठेवलेली. ज्यांचा हिशोब दूरच्या सर्व्हरवर होता त्यांनी चार दिवसांनी दुसरा लॅपटॉप उघडून काम सुरू केलं. या संस्थेने ठेवीदारांच्या पासबुकांवरून खाती पुन्हा उभी केली, त्यात महिने गेले. मग डेस्कटॉप हवा कशाला?

त्याच्या वर्षभर आधी, ३ जून २०२० ला, निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला धडकलं होतं. दापोली-मंडणगडकडच्या कित्येक गावांत त्यानंतर आठवडेच्या आठवडे लाइट नव्हती, टॉवर नव्हते. तिथे सर्व्हरवरचा हिशोब सुरक्षित होता आणि कुणालाही दिसत नव्हता. जनरेटरवर संगणक चालवता येत होते, पण त्यात उघडण्यासारखं काही नव्हतं. या दोन आठवणी मी एकमेकींशेजारी ठेवतो तेव्हा मला नेट की डेस्कटॉप हा वादच चुकीचा वाटतो. नोंद आधी समोरच्या यंत्रात पक्की झाली पाहिजे, आणि नेट मिळेल तेव्हा, मिळेल तेवढी, दूरच्या यंत्रातही गेली पाहिजे. काम नेटसाठी अडू नये आणि हिशोब एका टेबलाच्या भरवशावर राहू नये. किनाऱ्यावरच्या प्रोग्रॅमची रचना अशीच हवी, आणि असा प्रोग्रॅम लिहिणं नुसत्या वेबपेक्षा आणि नुसत्या जुन्या डेस्कटॉपपेक्षाही अवघड आहे. म्हणूनच तो शिकवायला हवा.

साधनं हाताशी आहेत. एसक्यूलाइट हा डेटाबेस रिचर्ड हिप यांनी २००० मध्ये लिहिला, तो अमेरिकी नौदलाच्या एका युद्धनौकेवरच्या प्रोग्रॅमच्या कामातून. तिथला मूळ प्रोग्रॅम वेगळ्या डेटाबेस सर्व्हरवर अवलंबून होता, आणि सर्व्हर बंद पडला की प्रोग्रॅमही हात टेकायचा. मग सर्व्हरच नको, सगळा डेटा एका फाइलीत राहू दे, असं त्यांनी ठरवलं. भर समुद्रात आलेली ती अडचण आमच्या शेडमधल्या ताईंच्या अडचणीपेक्षा काही वेगळी नाही. क्यूटमध्ये एसक्यूलाइट तयारच मिळतो. तो काही बदलायच्या आधी जुनं पान बाजूच्या फाइलीत उतरवून ठेवतो. मध्येच लाइट गेली तर पुढच्या वेळी उघडताना त्यावरून आधीची स्थिती परत आणतो. अर्धवट नोंद राहत नाही. हे मुलांना पटावं म्हणून मी नोंदी भरत असताना संगणकाची वायर खेचायला लावतो. पहिल्यांदा कुणाचा हात धजावत नाही.

दूरच्या यंत्राकडे पाठवायचं तर प्रत्येक नोंदीला तिची स्वतःची, कधीही दुसऱ्याशी न जुळणारी खूण द्यावी लागते, नाहीतर दोन काउंटरवरच्या 'पावती क्रमांक ४१' एकमेकींवर चढतात. पाठवलं पण पोहोचल्याची खबर आली नाही तर पुन्हा पाठवायचं, आणि तिकडे ते दुप्पट धरलं जाऊ नये. इथे दोन दिवसही पुरत नाहीत, मी याला पूर्ण आठवडा देतो.

क्यूटच्या अडचणीही मुलांपासून लपवू नयेत. मूळ भाषा सी प्लस प्लस, ती जड जाते. मी सुरुवात पायथॉनमधून करून घेतो, त्यासाठीची पायसाइड ही जोडणी क्यूटचीच अधिकृत आहे. परवाना तीन प्रकारांचा आहे: पैसे देऊन घ्यायचा, आणि जीपीएल व एलजीपीएल हे दोन खुल्या सॉफ्टवेअरचे. एलजीपीएलखाली विकायचा प्रोग्रॅमही करता येतो, पण त्याच्या अटी पाळाव्या लागतात आणि त्या आधी वाचाव्या लागतात. फुकट आहे म्हणून डोळे मिटून उचललं, असं करू नये.

कॉलेजांकडे माझं मागणं मोठं नाही. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट म्हणून दरवर्षी तीच हजेरीपटाची आणि हॉस्पिटल मॅनेजमेंटची तयार फाइल नव्या पुठ्ठ्यात बांधली जाते, ती थांबवावी. त्याऐवजी दोन-दोन मुलांना एकेक खरं काउंटर द्यावं: सोसायटी, वाचनालय, बर्फ कारखाना, आंब्याची शेड, मिरकरवाडा बंदरातला मासळीचा हिशोब. पहिला महिना त्यांनी संगणक न उघडता तिथे नुसतं बसावं आणि माणसं काय लिहितात, कुठे अडतात, कुठली कळ सारखी दाबतात ते टिपून घ्यावं. परीक्षकांनी गुण देताना तीन गोष्टी समोर करून बघाव्यात: नेट काढलं तर काम चालतं का, वायर खेचली तर नोंद टिकते का, आणि कऱ्हाडकर दोन्ही तऱ्हांनी टाइप केल्यावर एकच खातं उघडतं का.

वेळही जुळतो. गणपतीनंतर शेडी रिकाम्या असतात, मालकांना बोलायला सवड असते, जुन्या वह्या दाखवतात. ऑक्टोबरला सुरू केलं तर मार्चच्या पहिल्या पेटीपर्यंत प्रोग्रॅम उभा राहतो. त्या पावसजवळच्या शेडमध्ये यंदा दोन मुली जात आहेत. दिवाळीआधी त्या चार वेळा जाऊन आल्या. ताईंनी पहिल्याच दिवशी त्यांना सांगितलं की डागी आंब्याचा रकाना पाच डझनीच्या शेजारी नको, घाईत चुकून तिथेच आकडा पडतो. हे मला इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही कधी विचारलं नव्हतं. मुलींनी तो रकाना खाली हलवला आहे, आणि आता त्या पावतीच्या छपाईवर काम करतायत.